भरपाई ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

२२ एप्रिल २००३ ची रात्र सरत आली होती. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार घरून कामावर निघाला. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू व्हायची. कारखाना जेमतेम पाच किलोमीटर उरला असताना वाटेत अपघात झाला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. मागे राहिली पत्नी, चार मुलं आणि म्हातारी आई.

अपघात कारखान्याच्या आवारात झाला नव्हता. मग तो कामावरचा अपघात मानायचा की नाही? भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. कामावर जाता-येता झालेल्या अपघाताचा वेळ, जागा आणि परिस्थिती यांवरून कामाशी संबंध दिसत असेल, तर तो कामावरचाच अपघात होय, असे न्यायालयाने स्पष्ट केले. न्याय मिळाला खरा, पण त्यासाठी बावीस वर्षं लागली!

शंभर वर्षांचा कायदा

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, काम करताना इजा झाली एवढे पुरे, हे त्याचे मुख्य तत्त्व. जानेवारी २०१० पासून त्यात कारकुनांनाही स्थान मिळाले आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा, अशी तरतूद झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली व जुना कायदा तिच्यात सामावला. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही आता संहितेत स्पष्टपणे लिहिलेला आहे.

रक्कम ठरते कशी?

कामगाराचा मृत्यू झाला, तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के घटली, असे कायद्याचे कोष्टक सांगते.

मात्र पगार कितीही असला तरी हिशेबात तो एका मर्यादेपर्यंतच धरला जातो. ही मर्यादा पूर्वी ४,००० रुपये होती. २०१० मध्ये ती ८,००० झाली आणि जानेवारी २०२० मध्ये १५,०००. तीस वर्षांच्या कामगारासाठी आकडा आहे २०७.९८. म्हणजे १५,००० च्या हिशेबाने त्याच्या कुटुंबाला १५,५९,८५० रुपये मिळतात. ८,००० च्या हिशेबाने ८,३१,९२० च मिळाले असते. एका सरकारी अधिसूचनेने एखाद्या घराचे भवितव्य किती बदलते, हे यावरून लक्षात यावे.

घरच्यांनी काय करावे?

सर्वप्रथम कामगाराचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय, आहे का ते पाहावे. तो असेल तर लाभ महामंडळाकडून मिळतो आणि मृत्यू झाल्यास वारसांना दरमहा निवृत्तिवेतन सुरू होते. मग मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही.

विमा नसेल तर मालकाला अपघाताची लेखी सूचना ताबडतोब द्यावी. मागणीसाठी मुदत दोन वर्षांची आहे. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात मालकाने ती दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली, तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका असतो दुःखाच्या त्या पहिल्या दिवसांत. कुणीतरी घरी येतो, काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा किंवा सही मागतो. अशा वेळी सही करू नये. मृत्यूची भरपाई वारसांना परस्पर द्यायची नसते, ती सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हक्क सोडल्याचा करारही कायद्यात टिकत नाही.

पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, वयाचा दाखला हे कागद बहुतेक घरांत फक्त कर्त्या पुरुषालाच ठाऊक असतात. ते कुठे ठेवले आहेत, हे घरातल्या बाईलाही माहीत हवे. वेळ आली, तर दाद मागायला तिलाच जावे लागते.