आमच्या संग्रहांत कोणतें पिनबॉल यंत्र घ्यावें?

एकत्र कुटुंबांत एखादी नवी वस्तु आणावयाची म्हटली म्हणजे प्रथम तिच्या किंमतीची चर्चा होते, मग ती कोठें ठेवावयाची ह्याची. आणि बिघडल्यास दुरुस्त कोण करणार हा प्रश्न बहुधा वस्तु बिघडल्यावरच निघतो. गेल्या वर्षीं आमच्या घरीं एका खेळाच्या यंत्राविषयीं जो विचारविनिमय झाला, त्यांत हा शेवटचा प्रश्न यंत्र घेण्यापूर्वींच निघाला व त्यानेंच निर्णय करून टाकला. ती हकीकत कित्येक वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आम्ही भाईंदर पश्चिमेस राहतों. तळमजल्यावरील लगतचीं दोन बिऱ्हाडें एक करून माझे वडील बंधु दादा, मी, आमचीं मुलें, सुना व नातवंडें अशीं अकरा माणसें एकत्र नांदतात. आमच्या घरांत खेळांचा एक लहानसा संग्रह वडिलांच्या वेळेपासून आहे. त्यांत आजीचा सोंगट्यांचा कापडी पट आहे, कॅरम आहे, आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच आहे. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा मिळून १२० गोल पानें ह्या संचांत असतात. ही कला नामशेष होण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे व राणी सत्वशीलादेवी भोसले ह्यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तिला सावंतवाडीच्या राजवाड्यांत आश्रय देऊन जगविलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. संग्रहांतील चौथी वस्तु म्हणजे आम्हां भावंडांच्या लहानपणची बॅगाटेलची फळी. वरच्या बाजूस कमानीसारखी गोल, अंगावर खिळ्यांचीं रिंगणें, आणि उजव्या कडेनें गोळी वर धाडणारी स्प्रिंगची दांडी. ज्या घरांत ती होती, त्या घरांतील मुलांच्या मे महिन्याच्या दुपारी तिच्याभोंवतीं गेल्या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत मी विद्यार्थ्यांस अनेकदां घेऊन गेलों. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहीत. आपल्या अकालीं गेलेल्या राजा नामक मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें. तेथील अडकित्ते, दिवे, भांडीं व वाद्यें पाहतांना एक गोष्ट माझ्या मनांत ठसली. ह्या वस्तूंचें मोल त्या दुर्मिळ आहेत एवढ्यामुळेंच नाहीं. त्या कोणाच्या तरी हातांत रोज वागल्या होत्या म्हणून आहे. घरच्या संग्रहास मी हीच कसोटी लावीत आलों आहें.

अशा स्थितींत माझ्या पुतण्यानें संग्रहांत एक पिनबॉल यंत्र घेण्याची कल्पना काढली. हें यंत्र आमच्या फळीचेंच वंशज आहे. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें बॅगाटेल हा लांबट मेजावर काठीनें खेळावयाचा खेळ होता. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह ह्या इंग्रज गृहस्थानें १८७१ सालीं त्यास स्प्रिंगची दांडी जोडून पेटंट घेतलें. पुढें महामंदीच्या दिवसांत, १९३१ सालीं, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबनें ‘बॅफल बॉल’ हें नाण्यावर चालणारें यंत्र काढलें आणि एका सेंटांत मूठभर गोळ्या खेळावयास मिळूं लागल्यामुळें बेकार लोकांचे थवे त्याभोंवतीं जमूं लागले. ह्या यंत्रांत एकदां गोळी सुटली म्हणजे खेळणाऱ्याच्या हातीं कांहीं राहत नसे. तें न्यून १९४७ सालीं गॉटलीबच्याच कारखान्यांतील हॅरी मॅब्ज ह्यांनीं दूर केलें. त्यांच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रास विजेनें हलणारे सहा लहान हात होते. त्यांस फ्लिपर म्हणतात. कळ दाबतांच फ्लिपर उसळून खालीं येणाऱ्या गोळीस पुन्हां वर मारतो.

आमच्या घरीं पहिला आक्षेप वहिनींनीं घेतला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, नाणें टाकायचें, गोळी सोडायची, आणि ती कोठें जाईल तें देवाला ठाऊक. ह्याला जुगार नाहीं तर काय म्हणायचें?”

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत फांशांच्या नादानें घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचें सूक्त आहे. आणि हस्तिनापुरच्या सभेंत काय घडलें तें कोणास सांगावयास नको. मनूनें अचेतन वस्तूंनीं खेळावयाचें तें द्यूत व प्राण्यांच्या झुंजीवर पण लावावयाचा तो समाह्वय असा भेद करून दोहोंचाही निषेध केला. कौटिल्यानें मात्र द्यूताध्यक्ष नेमून त्यास राज्याच्या देखरेखीखालीं आणलें. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, पिनबॉल दैवाचा खेळ कीं हाताचा?

हा वाद अमेरिकेंतही झाला. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया ह्यांनीं १९४२ सालीं पिनबॉलवर बंदी घातली व जप्त केलेलीं यंत्रें घणानें फोडविलीं. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प नांवाच्या तरुणानें नगरसमितीपुढें यंत्र खेळून दाखविलें, व गोळी कोणत्या मार्गानें जाईल तें आधीं सांगून तेथूनच घातली. बंदी उठली. ह्या दोन सालांच्या मध्यें १९४७ चा फ्लिपर उभा आहे, हें मीं वहिनींस समजावून सांगितलें. त्यांनीं दोन अटींवर संमति दिली: नाण्याची फट बंद करावी, आणि घरांत कोणीही पैज लावूं नये.

आतां यंत्र कोणतें? पुतण्यानें तीन प्रकार पुढें ठेवले. त्याचें स्वतःचें मन १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’वर होतें. हें बॅली ह्या नांवानें निघालेलें यंत्र वीस हजारांहून अधिक खपलें आणि संग्राहकांत त्याची ख्याति मोठी आहे. दुसरा प्रकार हल्लींच्या नव्या यंत्रांचा. शिकागोच्या स्टर्न कारखान्याचें साधें नवें यंत्र अमेरिकेंतच सात हजार डॉलरांच्या आसपास पडतें; वाहतूक व जकात वेगळी. तिसरा प्रकार १९७७ च्या सुमारापूर्वींच्या, संगणकाशिवाय केवळ विद्युच्चुंबक, रिले व फिरत्या चाकांवर चालणाऱ्या यंत्रांचा. असें एक चार खेळाडूंचें यंत्र मुंबईंतील एका बंद पडलेल्या खेळघरांत धूळ खात असल्याचें त्यास कळलें होतें.

जागेचा हिशेब तिन्हींस सारखाच. यंत्र सुमारें साडेचार फूट लांब, अडीच फुटांस थोडें कमी रुंद व सहा फुटांहून उंच असतें. वजन शंभर किलोंच्या वर. पाय सुटे होतात व मागची पेटी काढतां किंवा दुमडतां येते, म्हणून तें साध्या दारांतून आंत येऊं शकतें. आमचें घर तळमजल्यावर असल्यानें जिन्याचा प्रश्न नव्हता. परंतु ओल होती. भाईंदरास एका बाजूस वसईची खाडी, दुसरीकडे मिठागरें. येथें बिजागरी सुद्धां दोन पावसाळ्यांत लाल होते. पिनबॉलची गोळी पोलादाची असते. ती गंजून खरखरीत झाली तर खेळाची रंगविलेली फळी किसणीप्रमाणें खरवडून काढते. नव्वदीच्या दशकांतील यंत्रांत आणखी एक धोका असा कीं, स्मृति राखण्यासाठीं मुख्य पाटीवर साधे सेल बसविलेले असतात. ते वेळेवर न बदलल्यास पाझरून पाटीच खाऊन टाकतात. ती पाटी दुरुस्त करणारा आमच्या ओळखींत कोणी नव्हता.

येथें दादांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. त्यांनीं चौतीस वर्षें रेल्वेच्या सिग्नल खात्यांत काम केलें. निवृत्त झाल्यावर कांहीं काळ बरा गेला. परंतु गेल्या दोन वर्षांत त्यांचें बोलणें फार कमी झालें होतें. सकाळीं वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि दुपारीं तेंच पान समोर असे. वैद्यकीय तपासणींत कांहीं दोष निघाला नाहीं. घरांत सर्वजण आपापल्या कामांत. त्यांस विचारण्यासारखें असें कोणाजवळ कांहीं उरलें नव्हतें, हें आमच्या उशिरां लक्षांत आलें.

तें जुनें यंत्र पाहण्यास जातांना पुतण्यानें केवळ सोबत म्हणून दादांस नेलें. मीही गेलों होतों. यंत्र चालू नव्हतें. कांचेवर बोटभर धूळ, एक पाय वांकडा. पुतण्या माझ्याकडे पाहून मान हलवूं लागला. इतक्यांत दादांनीं पेटीचें झांकण उघडावयास लाविलें. आंत तळाशीं घडी केलेला तारांचा नकाशा होता. तो त्यांनीं कांचेवर पसरला, चष्मा पुसला, आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवीत राहिले. मग म्हणाले, “अरे, हें तर आपलें रिलेचें काम. हा उचलला गेला कीं तो सुटला पाहिजे. तो सुटत नाहीं म्हणून सगळें अडलें आहे.” पुतण्यानें विचारलें, “पॉलिश कागद मारूं का?” दादा म्हणाले, “कागदाचे कण मध्यें अडकतात. बारीक कानस घे, आणि दोनच हात मार.” गेल्या दोन वर्षांत एका दमांत ते इतकें बोलले नव्हते.

परत येतांना लोकलमध्यें पुतण्या गप्प होता. मीरा रोड गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, “काका, हेंच घेऊं.” त्यास आवडतें यंत्र सोडावें लागलें, हें मला येथें नमूद केलें पाहिजे.

घरीं यंत्र आल्यावर जें काम निघालें त्याची थोडी माहिती देतों. अमेरिकन यंत्र ११५ व्होल्टांच्या प्रवाहावर चालतें. आपल्याकडे २३० असल्यानें योग्य ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय तें जोडूं नये. आपल्या प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ६० ऐवजीं ५० असल्यामुळें गुण मोजण्याची मोटर थोडी संथ फिरते. त्यानें बिघडत कांहीं नाहीं. फळी मागच्या बाजूस सुमारें साडेतीन अंश उंच ठेवावी. गोळी वेळोवेळीं बदलावी व फळीस मेण लावावें. रबराचीं सर्व कडीं प्रथमच बदलून टाकावीं. यंत्र उघडण्यापूर्वीं वीज तोडावी, हें लहान मुलांस दहादां सांगावें.

दादांच्या हाताखालीं आठवींत शिकणारी माझी नात विजेरी धरून बसूं लागली. पुढें विजेरी दादांनीं धरली आणि कानस तिच्या हातीं गेली. चार महिने हें काम चाललें. ह्या यंत्राचा गुण असा कीं, त्यांत घडतें तें डोळ्यांस दिसतें. लक्ष्यावर गोळी आदळली कीं संपर्क मिटतो, रिले उचलतो, चाक एक घर पुढें सरकतें व घंटेचा टोल पडतो. एवढा कार्यकारणभाव मला व्याकरणाच्या सूत्रांनीं देखील वर्गांत इतक्या सहज शिकवितां आला नाहीं. तिसऱ्या खेळाडूचें शंभरांचें चाक अजून मधूनच अडतें. त्यास बोटानें टिचकी द्यावी लागते. शेजाऱ्यांस टोलांचा त्रास होऊं नये म्हणून रात्रीं नऊनंतर खेळ बंद.

ज्यांस असें यंत्र घ्यावयाचें असेल त्यांस माझें सांगणें एवढेंच आहे. कोणतें यंत्र श्रेष्ठ हें जाणकारांच्या याद्या वाचून ठरवूं नये. आपल्या घरांत त्यास उघडण्याचें धैर्य कोणास आहे, आणि कोणाच्या हातांस काम हवें आहे, हें आधीं पाहावें. आमच्या घरांत तसा माणूस नसता तर मी पुतण्यास नवें यंत्रच घेण्यास सांगितलें असतें, आणि तें चुकीचें ठरलें नसतें.

ॲडम्स फॅमिलीचा विषय मात्र संपलेला नाहीं. जागा नाहीं व पैसेही नाहींत. तरी गेल्या आठवड्यांत दादांनीं पुतण्यास त्या यंत्राचे नकाशे छापून आणावयास सांगितलें. सेल त्या पाटीवरून काढून दुसरीकडे बसवितां येतील कीं काय, हें त्यांस पाहावयाचें आहे.