वेल्डरचे दोन नंबर



रस्त्याच्या कडेला कोणी खिडकीचे ग्रिल जोडत असला, की आपण तोंड फिरवून पुढे जातो आणि मुलांनाही तिकडे पाहू देत नाही. हे शहाणपणाचेच आहे. पण ज्याला दिवसभर त्याच उजेडाशी काम करायचे आहे, आणि ज्याला चष्माही आहे, त्याने काय करावे? आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवर. आणि ह्या प्रश्नाचे उत्तर तर फारच उशिरा शिकलो.

एका कारखान्यात एक जुने वेल्डर होते. पंचेचाळिशीनंतर त्यांचे जोड वाकडे जाऊ लागले. आम्ही विचारले तेव्हा बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, जवळचे दिसत नाही. चष्मा केलाय, पण डब्यात ठेवतो. चष्मा दिसला की माणूस म्हातारा झाला असे धरतात. आणि लावला तरी ह्या गॉगलखाली तो मावत नाही." आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी गॉगलचे भरलेले खोके दाखवले. गॉगल होते, ह्या माणसाच्या डोळ्यांसाठी नव्हते.

ह्या गोष्टीत दोन नंबर आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला नंबर काळ्या काचेचा. विजेच्या ठिणगीतून डोळ्यांना दिसणारा उजेड निघतो, तसेच न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही निघतात. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्या वेळी काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी वाहते. कामगार मग दुधाच्या घड्या, बटाट्याच्या चकत्या ठेवतात. तसे न करता डॉक्टर गाठावा. गॅस वेल्डिंगला साधारण ४ ते ८ नंबरची काच लागते, नेहमीच्या विजेच्या वेल्डिंगला १० ते १३. करंट जास्त तशी काच गडद. पण जितकी काळी तितकी चांगली, हा समज खोटा. काच फार गडद असली की जोड दिसत नाही, माणूस पुढे वाकतो आणि तोंड धुरात जाते. म्हणून आधी गडद काच लावून पाहावी आणि जोड स्वच्छ दिसेपर्यंत एकेक नंबर उतरावे. मात्र त्या कामाला ठरलेल्या किमान नंबराच्या खाली जाऊ नये.

दुसरा नंबर चष्म्याचा. काळी काच उजेड अडवते, नजर सुधारत नाही. आणि घरचा साधा चष्मा नजर सुधारतो, पण संरक्षण करीत नाही. त्याच्या बाजू उघड्या असतात. हेल्मेट वर करून हातोडीने स्लॅग झाडताना कपची उडते ती नेमकी त्या वेळी. म्हणून हेल्मेटच्या आतही बाजूला झापडे असलेला, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा सुरक्षा चष्मा हवा, आणि तो आपल्या नंबराचा करून घेता येतो. तसा नसेल तर चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्यावा. गॅस वेल्डिंगचे वाटीसारखे गॉगल चष्म्यावर बसत नाहीत. तिथेही चष्मा झाकणारा प्रकारच मागावा.

चाळिशीच्या चष्म्याची अडचण आणखी निराळी. दुहेरी काचेत जवळचे पाहायचा भाग खाली असतो. काम समोर असले की हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते, आणि संध्याकाळी मान धरते. डोळे तपासायला जाताना आपले काम डोळ्यांपासून किती अंतरावर असते ते मोजून सांगावे आणि तेवढ्या अंतराचा एकाच नंबराचा चष्मा करावा. हेल्मेटच्या आत, काळ्या काचेमागे बसणारे भिंगही मिळते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर ते चालते. तिरकस नंबर असेल तर उपयोग होत नाही. ठिणगी पडताच आपोआप काळे होणारे हेल्मेट चष्मेवाल्याला सोयीचे, कारण मानेला झटका देऊन ते खाली पाडावे लागत नाही. पण नजरेचा नंबर त्यालाही लागतोच.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या रक्षणासाठी पडदे किंवा 'योग्य' गॉगल देण्याची तरतूद केली होती. हा 'योग्य' शब्द आम्ही त्या साहेबांपुढे ठेवला. जो गॉगल कामगाराच्या चष्म्यावर बसत नाही, तो खोक्यात कितीही असला तरी योग्य कसा? तीन महिने बोलणी चालली. शेवटी सर्व वेल्डरांची नेत्रतपासणी झाली आणि नंबराचे सुरक्षा चष्मे कारखान्याच्या खर्चाने आले. पहिल्याच दिवशी कळले, डब्यात चष्मा ठेवणारे ते एकटे नव्हते. आणखी चौघे होते.

श्रोत्यांपैकी कोणाचे वर्कशॉप असेल, तर त्यांनी उद्या आपल्या वेल्डरला एवढेच विचारावे: "जोड नीट दिसतो ना?" आणि 'नाही' म्हणणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे विचारण्याआधी सांगावे.