सत्र मधेच सोडले, तर भरलेली फी परत मिळते का?



या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा प्रोग्राम यांची माहिती असते. यावेळी विषय निराळा, पण पैसा उसाचाच आहे. जून ते ऑगस्ट हे आपल्याकडे हात आखडण्याचे दिवस. उसाचे बिल येऊन गेलेले, पीककर्ज खता-बियाण्यात अडकलेले, आणि नेमकी तेव्हाच मुलाच्या कॉलेजची फी उभी राहते. कोणी सोसायटीचे उचलतो, कोणी दावणीचे जनावर विकतो. आणि दोन महिन्यांत पोरगं पेटी घेऊन घरी येतं. कधी तब्येत साथ देत नाही, कधी विषय झेपत नाही, कधी घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. कधी नंतरच्या फेरीत परभणीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागतो, तर ती आनंदाचीच गोष्ट.

अशा वेळी गावात एकच ऐकू येते: ‘भरलेली फी म्हणजे गंगेत सोडलेला पैसा.’ हा समज चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीचे नियम काढले. आपल्या जिल्ह्यातील बरीच कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. संलग्न कॉलेजांनाही हे नियम आहेत. हिशोब प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेपासून होतो. समजा, ही तारीख ३१ ऑगस्ट आणि फी ६० हजार. १० ऑगस्टला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज दिला, म्हणजे १५ दिवस किंवा त्याहून आधी, तर सगळी फी परत. फक्त कामकाजाचा खर्च म्हणून फार तर ५ टक्के, आणि तोही ५ हजारांच्या आत, कापता येतो. म्हणजे निदान ५७ हजार हातात. २५ ऑगस्टला दिला तर ९० टक्के, म्हणजे ५४ हजार. १० सप्टेंबरला दिला तर ८० टक्के, ४८ हजार. २५ सप्टेंबरला निम्मे, ३० हजार. ५ ऑक्टोबरला गेलात तर शून्य, कारण शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले. अनामत रक्कम मात्र या हिशोबाबाहेर, ती पूर्ण परत द्यावी लागते.

यात दिवस मोजतात ते लेखी अर्जाच्या तारखेपासून. मुलाने वर्गात जाणे कधी बंद केले यावरून नव्हे. आमच्या मते आपली माणसे इथेच मार खातात. पोरगं घरी आलं की लाजेकाजेने गोष्ट दडवली जाते. ‘दिवाळीपर्यंत बघू, मन लागेल’ म्हणत महिना जातो आणि तेवढ्यात ४८ हजारांचे शून्य होते. पोराला काय बोलायचे ते नंतर बोला, आधी अर्ज द्या. प्राचार्यांच्या नावाने दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. फोनवर किंवा क्लार्कला तोंडी सांगितलेले धरले जात नाही. अर्ज मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे द्यावेत असे नियमात आहे. उसाच्या बिलाला १९६६ च्या आदेशाने १४ दिवस घातले, तसेच हे समजा. आणि बिलाप्रमाणेच इथेही मागे लागावे लागते.

आयोग अधूनमधून त्या-त्या वर्षापुरते जास्त सवलतीचे पत्रही काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत सगळी फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापून, असे होते. म्हणून कॉलेजात गेल्यावर ‘यंदाचे पत्र दाखवा’ असे आधी विचारावे.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी असे सीईटीतून होणारे प्रवेश असतील तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली शेवटची तारीख पाहा. इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत ती तारीख चुकली की अनामतीखेरीज काही मिळत नाही. तिथे रद्द करण्याचा अर्ज मुलाच्या लॉगिनमधून भरून, त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्यावी लागते. यात एकच काम केले आणि दुसरे राहिले, तर अर्ज अपुरा राहतो.

मूळ गुणपत्रिका, टी.सी. कॉलेजने अडवून ठेवायची नाही, हेही २०१८ च्या नियमांतच आहे. तपासून लगेच परत द्यायची. ‘पुढच्या सगळ्या वर्षांची फी भरा, मग कागद घ्या’ असे कोणी म्हटले तर घाबरू नये. एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमीच्या खटल्यात सांगितले आहे.

परतीचा हिशोब पावतीवर होतो. वजनकाट्याची पावती आपण पेटीत जपतो, तशीच फीची जपावी. पावतीशिवाय दिलेला पैसा मागायला तोंड राहत नाही. शहरातल्या खोलीमालकाला किंवा खासगी मेसवाल्याला दिलेली उचल या नियमात येत नाही, ती ज्याच्या त्याच्याशी मिटवावी. शैक्षणिक कर्जातून फी गेली असेल तर बँकेच्या शाखेलाही त्याच आठवड्यात लेखी कळवावे, म्हणजे पुढचा हप्ता कॉलेजकडे जाणार नाही.

कॉलेजने दाद दिली नाही तर २०२३ च्या नियमांप्रमाणे तिथल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा. तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. आयोगाच्या ‘ई-समाधान’वर घरबसल्याही तक्रार नोंदते, गावातल्या सेवा केंद्रावर पोरे ती भरून देतात.

आणि मुदत गेलीच असेल, पैसे येणार नसतील, तर मुलाची तब्येत ठीक असल्यास सत्राची परीक्षा तेवढी देऊ द्यावी. २०२१ पासून क्रेडिट बँकेची सोय आहे. सुटलेल्या विषयांचे क्रेडिट खात्यावर सात वर्षांपर्यंत राहतात आणि पुढे दुसऱ्या कॉलेजातही धरता येतात. त्यासाठी मुलाचे खाते उघडले आहे का आणि क्रेडिट त्यावर चढले का, हे कॉलेज सोडण्याआधी परीक्षा विभागात विचारून घ्यावे.