पाय काढला, तरी ब्रेक सुटेना

विमान एकदा हवेत गेलं की चाकांच्या ब्रेकना काही काम उरत नाही. कदाचित म्हणूनच घरी विमान बांधणाऱ्यांचा जीव इंजिनात, पंखांत आणि कॉकपिटमधल्या पडद्यांत गुंतलेला असतो आणि ब्रेकची जोडणी उरकली जाते. मग विमान जमिनीवर चालवून बघायचा दिवस उजाडतो. ते पुढे सरकायलाच जास्त थ्रॉटल मागतं, एका बाजूला ओढतं, आणि थांबल्यावर बघावं तर एका चाकाची डिस्क चांगलीच तापलेली. पायलटने पेडलवरचा पाय केव्हाच काढलेला असतो, ब्रेकने चाक सोडलेलं नसतं.

घरी विमान बांधणं हा अमेरिकेत मोठा आणि जुना छंद आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये अशा हौशी लोकांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना काढली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचं आरव्ही-३ हे छोटं विमान १९७१ मध्ये उडालं आणि पुढे त्यांच्या ओरेगनमधल्या कंपनीच्या सुट्ट्या भागांतून १०,००० हून अधिक विमानं जगभर तयार झाली. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव मराठी वाचकांना ठाऊक आहेतच. अमेरिकेत अशा विमानाचा मुख्य बांधणारा परवाना घेऊन दरवर्षीची तपासणीही स्वतः करू शकतो. ब्रेकमधला दोष शोधणं मग साहजिकच त्याच्याच वाट्याला येतं.

हा दोष किरकोळ नाही. आरव्ही-७ए सारख्या विमानाचं पुढचं चाक पायलटच्या ताब्यात नसतं, ते मोकळं फिरतं. हळू चालताना वळायचं तर डाव्या किंवा उजव्या चाकाचा ब्रेक दाबायचा, एवढाच उपाय. त्यातला एक ब्रेक सतत धरून राहिला तर विमान सरळ ठेवायला दुसराही दाबावा लागतो. मग दोन्ही तापतात.

रचना तशी साधी आहे. पायातल्या पेडलच्या वरच्या टोकाला मास्टर सिलिंडर असतो. टाच खाली टेकवून पंजाने पेडल दाबलं की त्यातला दट्ट्या सरकतो, ब्रेकच्या तेलाच्या टाकीकडे जाणारी वाट बंद होते आणि तेलाचा दाब नळीतून चाकापर्यंत पोहोचतो. तिथे कॅलिपरमधला पिस्टन लायनर डिस्कवर दाबतो. पाय काढला की दट्ट्याने पूर्ण मागे यायला हवं, तरच टाकीची वाट उघडते आणि दाब उतरतो. दट्ट्या अगदी थोडा जरी अडला तरी तेल कोंडलेलं राहतं. ते तापतं, फुगतं, ब्रेक आणखी घट्ट होतो, आणि घट्ट ब्रेक तेलाला आणखी तापवतो.

इथे बऱ्याच जणांची घाई होते. लायनर बदलले, कॅलिपर नवा आणला, सील बदलले, तरी चाक जडच. खरं तर खर्च करण्याआधी एक पाना पुरतो. विमान जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावं. लायनर हलकेच घासल्याचा आवाज आला तर काळजी नको, या ब्रेकमध्ये तेवढं चालतं. मग पेडल दाबून सोडावं. चाक अडलं तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल जरासं सैल करावं. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब कोंडला होता आणि दोष वरच्या बाजूला आहे. मोकळं झालं नाही, तर दोष चाकापाशीच आहे.

दोष वर असेल तर निपल बंद करून पुन्हा पेडल दाबून सोडावं आणि या वेळी मास्टर सिलिंडरपाशी नळीचा जोड सैल करावा. चाक सुटलं तर गुन्हेगार सिलिंडर किंवा त्याच्या वरचा भाग. नाही सुटलं तर मधली नळी, नाहीतर पार्किंग ब्रेकचा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र तिचे पापुद्रे सुटलेले असतात. पायाच्या जोरापुढे तेल पुढे जातं, परतीच्या वाटेवर अडतं. दोघांसाठी पेडल असलेल्या अनेक विमानांत तेल दोन्ही आसनांपुढच्या सिलिंडरमधून जातं. त्यामुळे शेजारच्या रिकाम्या आसनापुढचं पेडल नीट परतलं नाही तरी पायलटचा ब्रेक धरून राहतो! पेडल स्वतःच्या वजनाने पुढे कलत असेल तर परतीची स्प्रिंग बसवून काम भागतं. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं नाही ना, हेही पाहायला हवं.

चाकापाशी बहुतेक वेळा संशय कॅलिपरच्या दोन पिनांवर जातो. लायनर झिजतील तसा कॅलिपर या पिनांवर सरकत डिस्कच्या मध्यावर राहतो. पिना गंजल्या, किंवा हौसेने रंग देताना त्यांच्या भोकांत रंग उतरला, की तो एका बाजूला अडकतो. पिना साफ कराव्यात आणि कोरडं वंगण लावावं. ग्रीस धूळ धरतं. एक्सलचा नट प्रमाणाबाहेर आवळला असेल तर बेअरिंगच जड फिरतं आणि आळ ब्रेकवर येतो.

तेलाच्या बाबतीत चूक महागात पडते. या विमानांत बहुधा ५६०६ क्रमांकाचं लाल खनिज तेल असतं. मोटारीचं नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं. ते या प्रणालीत पडलं की नायट्राइल रबराचे सील खराब होतात आणि पिस्टन अडकू लागतो. शिवाय ५६०६ ची वाफ साधारण ८२ अंश सेल्सियसच्या पुढे ठिणगीने पेटू शकते. ८३२८२ या कृत्रिम तेलासाठी हाच आकडा साधारण २०५ आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ८३२८२ वापरणंच शहाणपणाचं. चाकांवरची फायबरची आवरणं उष्णता कोंडून ठेवतात आणि तापलेल्या डिस्कवर गळणारं तेल त्यांनाही पेटवू शकतं.

जमिनीवर तापलेला ब्रेक काय करू शकतो, हे ४ सप्टेंबर १९६३ रोजी स्वित्झर्लंडने पाहिलं. धुकं पांगवण्यासाठी स्विसएअरचं कॅरावेल विमान इंजिनं जोरात ठेवून, ब्रेक दाबत धावपट्टीवर फिरवलं गेलं. ब्रेक अतोनात तापले, आणि उड्डाणानंतर चाकं पोटात घेतल्यावर आग भडकली. विमानातले सर्व ८० जण मृत्युमुखी पडले. ते मोठं प्रवासी विमान होतं आणि तिथे ब्रेक बिघडलेलेही नव्हते. जास्त थ्रॉटल देऊन वेग ब्रेकने आवरायची सवय मात्र छोट्या विमानांच्या पायलटांनाही असते. अनेकदा यंत्रात दोष नसतोच, पायलटचे पंजे नकळत पेडलवर टेकलेले असतात.

म्हणून दुरुस्तीनंतर आवरणं काढून, टाचा जमिनीवर ठेवून विमान सरळ रेषेत चालवावं आणि थांबताच दोन्ही डिस्कचं तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने नोंदवावं. आकडे जवळपास सारखे असतील तर आवरणं परत चढवायला हरकत नाही. एक बाजू स्पष्टपणे गरम निघाली तर विमान पुन्हा जॅकवर घ्यावं आणि सुरुवात निपलपासून करावी.