प्रशिक्षणाच्या खेळांची स्पर्धा आणि गडचिरोलीतील मणी

एखादे काम शिकवताना नेमके कुठे अडते ते ओळखून त्यावर तोडगा ठरेल असा खेळ तयार करणाऱ्यांची स्पर्धा अमेरिकेतील ऑर्लँडो शहरात २००६पासून भरते. तिचे नाव ‘सीरियस गेम्स शोकेस अँड चॅलेंज’. लष्करी प्रशिक्षणाला वाहिलेल्या एका मोठ्या परिषदेचा ती भाग आहे. विद्यार्थी, सरकारी विभाग आणि व्यावसायिक कंपन्या यांचे गट वेगळे असतात. खेळाचे चित्रण कितीही देखणे असले तरी खेळणारा त्यातून काय शिकणार, हे आधी सांगावे लागते.

कल्पना नवी नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर सोंगट्या आणि फासे घेऊन खेळायचा युद्धखेळ रुजवला. अशा खेळांत चूक करायला मुभा असते, चुकीचा परिणाम लगेच दिसतो आणि डाव पुन्हा मांडता येतो. व्याख्यानात यांपैकी काहीच नसते. भारतात २०२१ साली झालेल्या ‘टॉयकॅथॉन’ स्पर्धेत सतरा हजारांवर कल्पना आल्या. मात्र तिचा भर खेळणी-उद्योगावर होता, कामाच्या प्रशिक्षणावर नव्हता.

अडचण नेमकी पकडली तर साधन किती साधे असू शकते, याचे उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८०च्या दशकाच्या मध्यापासून या जिल्ह्यात काम करते. तिचे शोधग्राम हे ठिकाण धानोरा तालुक्यात, चातगावजवळ आहे. तेव्हा परिसरातील बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते. गावात डॉक्टर नाही, एक्स-रे दूरची गोष्ट. फुप्फुसे न्यूमोनियाने ताठरली की बाळ कमी पडणारी हवा भरून काढण्यासाठी भराभर श्वास घेते. त्यामुळे मिनिटाला किती श्वास होतात एवढे मोजले तरी बऱ्याच अंशी निदान होते, हे पापुआ न्यू गिनीतील फ्रँक शान यांच्या अभ्यासातून पुढे आले होते. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० आणि त्याहून मोठ्या मुलात ५० श्वास ही धोक्याची रेषा धरली गेली.

आता हे मोजायचे कोणी? घरापर्यंत पोहोच होती ती गावातल्या दाईची. बाळाच्या पोटाची हालचाल तिची नजर अचूक टिपे; पण शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ५०-६०पर्यंतची मोजणी जड जाई. दहापर्यंत ती सहज मोजे. त्यावर तयार झालेला श्वासमापक असा: लाकडी चौकट, एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी व एक लाल, मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरवे व एक लाल. घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा.

या साधनाला कोणी खेळ म्हटले नाही. पण वेळेची मर्यादा, ठरलेला नियम आणि क्षणात कळणारा निकाल ही खेळाची सगळी लक्षणे त्यात आहेत. खरी हुशारी वेगळीच: दाईला साठपर्यंत मोजायला शिकवण्याच्या फंदात न पडता मोजणीच दहाच्या टप्प्यांत तोडली आणि आकड्याची जागा रंगाला दिली. बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजायचे नाही, हे मात्र मणी सांगत नाहीत. ते सरावानेच अंगी बाणते.

स्पर्धेतील परीक्षक खेळ खेळून पाहतात. त्यातून शिकलेला माणूस प्रत्यक्ष कामावर कसा वागतो, हे तेवढ्यात कळत नाही. गडचिरोलीत ही तपासणी १०४ गावांत झाली. श्वासमापक हे तिथल्या कामाचे एक अंग. त्याच्या जोडीला आईवडिलांना आजाराची लक्षणे समजावणे आणि गावातच प्रतिजैविक देणेही होते. ‘लॅन्सेट’मध्ये १९९०ला आलेल्या निष्कर्षांनुसार या उपक्रमाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५. हे श्रेय एकट्या मण्यांना देता येत नाही, उपचाराचा त्यात मोठा वाटा आहे.

पुढे आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत इथेच विकसित झाली आणि ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्यसेविकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गेली. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिच्यासाठी मोबाइलवरचा खेळ करायचा तर तो नेटवर्कशिवाय चालावा लागेल, मराठीबरोबर गोंडीत बोलावा लागेल आणि पडद्यावरचे बाळ खऱ्या बाळासारखेच मध्येच रडावे लागेल.