फोड आलेली नौका

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रेवेझा शहरासमोरच्या आक्टिओ इथे शिडाच्या नौका हिवाळाभर जमिनीवर, टेकूंवर उभ्या असतात.

या नौकांचं फायबरग्लास पाणी अडवतं, पण पूर्णपणे नाही. जेलकोट या बाहेरच्या थरातून पाण्याचे रेणू अगदी सावकाश आत झिरपतात. फायबरग्लासमधल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये उरलेली रसायनं त्यात विरघळतात आणि ते आम्लयुक्त द्रावण आणखी पाणी ओढून घेतं. भिजवलेला बेदाणा फुगतो, तो याच परासरणाने. दाब वाढला की नौकेच्या तळावर फोड येतात. एखादा फोडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो.

नुसतं ऊन दाखवून हे दुखणं जात नाही. पाणी उडून गेलं तरी रसायनं आतच राहतात आणि नौका समुद्रात उतरली की पुन्हा पाणी ओढू लागतात. म्हणून जेलकोट सोलतात, तळ गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुतात, महिनोन्‌महिने वाळवतात आणि मगच इपॉक्सी रेझिनचे थर देतात.

इपॉक्सीला मात्र ऊन सोसत नाही. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की ते घट्ट व्हायला साधारण निम्माच वेळ लागतो. लाकडी भागांची गंमत तर विलक्षणच! सकाळी तापणाऱ्या लाकडातली हवा प्रसरण पावून इपॉक्सीच्या लेपात बुडबुडे आणते. संध्याकाळी लाकूड निवताना तीच हवा आकसते आणि लेप आत खेचून घेते. म्हणून जाणते कारागीर दुपारी घासकाम करतात आणि लेप ऊन कलल्यावर चढवतात.