व्हीलचेअर वाटल्या, पुढे काय?

अपंगांसाठी परदेशी मदत म्हटलं की डोळ्यांसमोर शिबिर येतं: मांडव, रांग, पाहुणे, फोटो. या चित्रातून बरेच गैरसमज निघतात.

पहिला आणि सगळ्यात चिवट: साधनं वाटली की काम झालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअर लागते, म्हणजे गरज खरीच आहे. पण खुर्ची मापाची हवी. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला बसण्याच्या जागी अनेकदा संवेदनाच नसते. गादी चुकीची असेल तर जखम कळेपर्यंत चिघळलेली असते, कधी जिवावर बेतते. रुग्णालयातल्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली खुर्ची खडीच्या रस्त्यावर टिकत नाही आणि तिचे सुटे भाग गावात मिळत नाहीत. म्हणूनच २००८मध्ये या संघटनेने कमी साधनांच्या देशांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: माप घ्या, बसवून बघा, वापरायला शिकवा, दुरुस्तीची सोय ठेवा. देणाऱ्यांच्या अहवालात मात्र किती खुर्च्या वाटल्या, हाच आकडा ठळक. तो मोजायला सोपा, एवढंच त्याचं भाग्य!

‘मदत ही देणाऱ्याची मर्जी.’ किती द्यायची, हे खरंच त्याच्या मर्जीवर. कशी द्यायची, हे तितकंसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराचं कलम ३२ सांगतं की आंतरराष्ट्रीय विकास कार्यक्रम अपंगांना सामावून घेणारे आणि त्यांना वापरता येण्याजोगे असावेत. म्हणजे प्रश्न वेगळ्या शिबिराचा नाही. मदतीतून बांधलेल्या साध्या शाळेचा, नळाचा, पूरग्रस्तांच्या निवाऱ्याचा आहे. योजना आखताना अपंगांच्या संघटनांना विचारणंही करारातच आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

भारताने २००७मध्ये करार मान्य केला. आपण फक्त घेणारे, हाही भ्रमच. जयपूर फूट या कृत्रिम पायाची शिबिरं परराष्ट्र मंत्रालयाच्या पाठबळाने अनेक देशांत झाली आहेत. तेव्हा कलम ३२ आपल्यालाही लागू.

‘मूठभरांसाठी एवढा खर्च?’ मूठभर कुठले? जगात सुमारे १३० कोटी, दर सहा माणसांत एक. आणि रॅम्प मूळ आराखड्यातच असेल तर खर्चात फारसा फरक पडत नाही. महाग पडते ती नंतरची तोडफोड.

राहिला हिशेबाचा मुद्दा. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाने २०१८पासून मदत-प्रकल्पांवर अपंग-समावेशाची खूण करायची सोय केली, पण ती ऐच्छिक आहे. एप्रिल २०२५मध्ये बर्लिनच्या जागतिक परिषदेत किमान १५ टक्के विकास कार्यक्रमांत हा उद्देश असावा, असं ठरलं. तेही बंधनकारक नाही. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेची यूएसएड ही परदेशी मदत देणारी संस्था गुंडाळली गेली. अपंगांना सामावून घेण्याचं लेखी धोरण तिच्याकडे १९९७पासून होतं.